पगारातून कापलेले अंशदान पुढे कोठे जाते? शासकीय निवृत्तिवेतन निधीचा प्रत्यक्ष व्यवहार

२००९ साली जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झालेल्या एका शिक्षिकेने विचारले आहे, की दरमहा वेतनातून कापले जाणारे दहा टक्के आणि शासनाचा हिस्सा नेमका कोणाच्या हाती जातो, शेअर बाजार कोसळला तर आपले निवृत्तिवेतन बुडेल का, आणि या सगळ्यावर देखरेख कोण ठेवते. कोषागारातील लेखा आणि त्यानंतर कर्जरोख्यांच्या गुंतवणुकीचे काम या दोन्ही बाजूंनी हा व्यवहार मी पाहिला आहे. त्या आधारावर माझे मत आधीच सांगतो. शेअर बाजाराची भीती अवाजवी आहे. ज्या गोष्टींची काळजी करायला हवी त्या तीन असून त्यांची चर्चा फारशी होत नाही. अंशदान खात्यात किती वेळेवर पोचते, दीर्घ मुदतीच्या व्याजदरांचे काय होते, आणि निवृत्तीच्या सुमारास वार्षिकीचा, म्हणजे जमलेल्या रकमेच्या बदल्यात विमा कंपनी आयुष्यभर देते त्या नियमित उत्पन्नाचा, दर किती असतो, या त्या तीन गोष्टी होत.

प्रथम एक गैरसमज दूर करावा लागेल. जुन्या निवृत्तिवेतन योजनेत मुळात निधीच नव्हता. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी राज्य सेवेत आलेल्यांचे निवृत्तिवेतन दरवर्षीच्या अर्थसंकल्पातून, २०७१ या मुख्य लेखाशीर्षाखाली, त्या वर्षीच्या महसुलातून दिले जाते. आज काम करणाऱ्या पिढीने भरलेल्या करांतून काल काम केलेल्यांचे निवृत्तिवेतन निघते. भविष्य निर्वाह निधीच्या नावात 'निधी' हा शब्द असला, तरी ती रक्कम राज्याच्या लोकलेख्यात, म्हणजे शासनाकडे असलेल्या इतरांच्या पैशाच्या हिशेबात, जमा असते, शासन ती वापरते आणि जाहीर केलेल्या दराने व्याज देते. तेथे कोणी गुंतवणूक व्यवस्थापक नसतो, कारण गुंतवणूकच नसते. असते ते शासनाचे कर्मचाऱ्यांना असलेले देणे. या रचनेत कर्मचाऱ्यावर बाजाराची जोखीम शून्य असते, पण देण्याचा आकडा आयुर्मान, महागाई भत्ता आणि वेतन आयोग यांच्याबरोबर वाढत जातो आणि तो पुढच्या अर्थसंकल्पांवर पडतो. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या बुलेटिनमधील एका अभ्यासाने, सर्व राज्ये जुन्या योजनेकडे परतली तर एकत्रित वित्तीय भार राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीच्या तुलनेत ४.५ पटीपर्यंत जाऊ शकतो, असा अंदाज मांडला होता. त्या अंदाजामागील गृहीतकांवर वाद घालता येईल, पण दिशा चुकीची नाही.

केंद्राने १ जानेवारी २००४ पासून, सशस्त्र दले वगळून, नव्या भरतीसाठी अंशदानावर आधारित प्रणाली आणली; हीच राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली, म्हणजे एनपीएस. महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना लागू केली, जिला सगळे कर्मचारी डीसीपीएस म्हणूनच ओळखतात. राज्याने ती योजना राष्ट्रीय प्रणालीत विलीन करण्याची अंमलबजावणी १ एप्रिल २०१५ पासून सुरू केली. मधल्या जवळजवळ दहा वर्षांत अंशदान कापले गेले, पण ते बाजारात गेले नाही. शासनाकडेच राहिले आणि त्यावर व्याज मिळाले. केंद्राचेही तसेच झाले होते. २००४ पासून कापलेल्या रकमांची प्रत्यक्ष गुंतवणूक १ एप्रिल २००८ पासून सुरू झाली. ज्यांच्या डीसीपीएस काळातील हिशेब चिठ्ठ्या अजून जुळत नाहीत, सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचे हप्ते कोठे जमा झाले हे सांगता येत नाही, त्यांच्या अडचणीचे मूळ याच संक्रमणात आहे आणि त्याचा शेअर बाजाराशी काडीचाही संबंध नाही.

आता एका महिन्याचे अंशदान घेऊन त्याच्या मागे जाऊ. मूळ वेतन ५०,००० रुपये आणि महागाई भत्ता ५५ टक्के धरला, तर एकूण ७७,५०० रुपयांवर कर्मचाऱ्याचे १० टक्के म्हणजे ७,७५० रुपये आणि शासनाचे १४ टक्के म्हणजे १०,८५० रुपये, असे १८,६०० रुपये दरमहा खात्यात यायला हवेत. शासनाचा हिस्सा पूर्वी १० टक्केच होता. तो १ एप्रिल २०१९ पासून १४ टक्के झाला. वेतन देयक शालार्थ किंवा सेवार्थ प्रणालीतून तयार होते, कार्यालयाची देयके काढणारे आहरण व संवितरण अधिकारी ते सादर करतात आणि देयक पारित झाल्यावर दोन वेगवेगळ्या गोष्टी वेगवेगळ्या वाटांनी निघतात. एक म्हणजे माहिती: कोणत्या प्रान क्रमांकावर (सदस्याच्या कायम निवृत्तिवेतन खात्याच्या क्रमांकावर) किती रक्कम जमा करायची याची फाइल, जी सदस्यांच्या खात्यांचा हिशेब ठेवणाऱ्या केंद्रीय अभिलेख अभिकरणाच्या प्रणालीत चढवली जाते. दुसरी म्हणजे प्रत्यक्ष पैसा, जो विश्वस्त बँकेकडे जातो. ही जबाबदारी सध्या अ‍ॅक्सिस बँकेकडे आहे. फाइलमधील एकूण रक्कम आणि बँकेत आलेली रक्कम जुळली, तरच गुंतवणुकीचा आदेश निघतो आणि त्या दिवसाच्या निव्वळ मालमत्ता मूल्याने, म्हणजे एका युनिटच्या भावाने, सदस्याच्या नावे युनिट (निधीतील हिस्से) जमा होतात. एका प्रान क्रमांकातील चूक, शासन हिश्श्यासाठी तरतूद नसणे किंवा फाइल चढवायला झालेला उशीर, यांपैकी काहीही झाले तरी पैसा बाजारात पोचत नाही आणि तोवर त्यावर परतावाही मिळत नाही.

या उशिराची किंमत लोकांना दिसत नाही, कारण ती वजा झालेली कोठे नोंदली जात नाही. वरील उदाहरणातील वर्षभराचे अंशदान २,२३,२०० रुपये होते. ते एक वर्ष उशिरा जमा झाले आणि परतावा ९ टक्के धरला, तर २०,०८८ रुपयांचा परतावा बुडतो. आणि तीच रक्कम पुढील पंचवीस वर्षे त्याच दराने वाढली असती, तर ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली असती. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठीच्या २०२१ च्या नियमांत विलंबाबद्दल व्याज देण्याची तरतूद आहे. शिक्षक, जिल्हा परिषदा आणि अनुदानित संस्थांच्या बाबतीत मात्र कपात आणि जमा यांच्यातील अंतर हा राज्योराज्यी जुना दुखणारा विषय आहे, आणि महालेखापरीक्षकांच्या राज्य वित्तविषयक अहवालांतही हस्तांतरित न झालेल्या अंशदानाचे उल्लेख येत आलेले आहेत.

पैसा एकदा विश्वस्त बँकेतून पुढे गेला, की त्याची व्यवस्था फार काटेकोर आहे. नियामक म्हणजे निवृत्तिवेतन निधी नियामक व विकास प्राधिकरण, अर्थात पीएफआरडीए. त्याचा कायदा २०१३ चा असून तो १ फेब्रुवारी २०१४ पासून अमलात आला. सदस्यांच्या वतीने मालमत्तेची कायदेशीर मालकी २००८ साली स्थापन झालेल्या एनपीएस ट्रस्टकडे असते. रोखे आणि समभाग प्रत्यक्ष सांभाळतो तो अभिरक्षक, आणि कोणते रोखे कधी घ्यायचे किंवा विकायचे हा निर्णय घेतात निवृत्तिवेतन निधी व्यवस्थापक. शासकीय कर्मचाऱ्यांच्या मूळ पर्यायात, म्हणजे स्वतः वेगळे काही निवडले नाही तर लागू होणाऱ्या पर्यायात, एसबीआय, एलआयसी आणि यूटीआय या तीन गटांच्या व्यवस्थापक कंपन्या असून त्यांच्यात नव्या अंशदानाची विभागणी ठरलेल्या प्रमाणात होते. निर्णय घेणारा, मालमत्ता सांभाळणारा, हिशेब ठेवणारा आणि मालक हे चौघे वेगळे असल्यामुळे उद्या व्यवस्थापक कंपनी अडचणीत आली, तरी तिच्या धनकोंना या पैशाला हात लावता येत नाही. व्यवस्थापनाचे शुल्कही अत्यल्प आहे. २०२१ मध्ये ठरलेल्या टप्प्यांनुसार ते मालमत्तेच्या ०.०९ टक्क्यांपासून सुरू होऊन निधी वाढेल तसे ०.०३ टक्क्यांपर्यंत उतरत होते. म्युच्युअल फंडाच्या समभाग योजनेत यापेक्षा कितीतरी पट खर्च होतो.

या वेगळेपणाचे मोल कळण्यासाठी उत्तर प्रदेशातील वीज कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीचे प्रकरण पाहावे. तेथील वीज मंडळाच्या वारसदार कंपनीच्या कर्मचारी न्यासाने २०१७ ते २०१८ या काळात सुमारे ४,१०० कोटी रुपये डीएचएफएल या एकाच गृहवित्त कंपनीच्या ठेवींत ठेवले. २०१९ मध्ये ती कंपनी कोलमडली तेव्हा २,२०० कोटींहून अधिक रक्कम अडकली आणि अखेरीस राज्य शासनाला कर्मचाऱ्यांच्या पैशाची हमी घ्यावी लागली. पैसा कर्मचाऱ्यांचा, न्यास घरचा, निर्णय काही मोजक्या अधिकाऱ्यांचा, आणि एका कंपनीत किती टक्के ठेवायचे याची मर्यादा कागदावरच राहिली, तर काय होते याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

आता गुंतवणुकीकडे येऊ. शासकीय कर्मचाऱ्यांच्या मूळ पर्यायाचा नमुना पुराणमतवादी आहे. केंद्र व राज्य शासनांच्या रोख्यांना सर्वांत मोठा वाटा, त्यानंतर कंपन्या व वित्तीय संस्थांचे कर्जरोखे, थोडी अल्प मुदतीची साधने आणि समभाग. समभागांची कमाल मर्यादा कित्येक वर्षे १५ टक्के होती आणि तेही मोठ्या, सहज खरेदी-विक्री होणाऱ्या कंपन्यांचेच. कर्जरोखे मुख्यत्वे एए किंवा त्याहून वरच्या पतमानांकनाचे असावे लागतात. उसने पैसे घेऊन गुंतवणूक करण्यास मज्जाव आहे.

व्यवस्थापकाच्या कार्यालयातील आठवडा साधारणपणे लिलावांभोवती फिरतो. मंगळवारी राज्यांच्या विकास कर्जांचा लिलाव असतो, शुक्रवारी केंद्राच्या रोख्यांचा; दोन्ही रिझर्व्ह बँक चालवते. महिन्याच्या सुरुवातीला पगारांबरोबर अंशदानाचा मोठा ओघ येतो आणि तो शक्य तितक्या लवकर कामाला लावायचा असतो, कारण रोख पडून राहिली तर परतावा घटतो. राज्यांच्या कर्जांवर केंद्राच्या समान मुदतीच्या रोख्यांपेक्षा काहीसे अधिक व्याज मिळते, म्हणून निवृत्तिवेतन निधी या लिलावांचे नियमित ग्राहक असतात. महाराष्ट्र शासनही या मंगळवारच्या बाजारातील मोठ्या कर्जदारांपैकी एक आहे. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या शिक्षिकेच्या अंशदानाचा एक भाग फिरून त्यांच्याच राज्य शासनाला कर्जाऊ गेलेला असणे अगदी संभवनीय आहे. फरक इतकाच, की डीसीपीएसच्या काळात ते देणे केवळ लेख्यातील नोंद होते आणि आता त्यामागे ठरलेली मुदत, ठरलेले व्याज आणि बाजारात विकता येणारा रोखा आहे.

दीर्घ मुदतीचे रोखे घेण्यामागे कारण आहे. पस्तिशीतल्या कर्मचाऱ्याला पैसा पंचवीस वर्षांनी लागणार आहे, त्यामुळे तीस-चाळीस वर्षांचा रोखा त्याच्या गरजेशी जुळतो. केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रथमच पन्नास वर्षांचा रोखा काढला, त्याचेही नैसर्गिक ग्राहक विमा कंपन्या आणि निवृत्तिवेतन निधीच होते. पण लांब मुदतीची दुसरी बाजू अशी, की बाजारातील व्याजदर वाढले की जुन्या, कमी व्याजाच्या रोख्यांची किंमत उतरते आणि युनिटचे मूल्य रोजच्या बाजारभावाने ठरत असल्याने ती घट खात्यात लगेच दिसते.

येथे थोडे गणित करू, कारण भीती नेमकी कोठे असावी हे त्यातून कळते. समभागांचा हिस्सा १५ टक्के आहे आणि शेअर बाजार ३५ टक्के कोसळला असे धरले, तर एकूण निधीवर परिणाम सव्वापाच टक्क्यांचा होतो. आता रोख्यांचा हिस्सा ८० टक्के आहे, त्यांच्या किमतीची व्याजदराला असलेली संवेदनशीलता आठ आहे, म्हणजे दर एका टक्क्याने वाढला तर किंमत सुमारे आठ टक्के उतरते असे धरले, तर एका टक्क्याच्या दरवाढीने निधी ६.४ टक्के घटतो. म्हणजे दूरचित्रवाणीवर दिवसभर गाजणाऱ्या कोसळण्यापेक्षा वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानावर चार ओळींत येणारी बातमी या निधीला जास्त हलवते. २०२० च्या जानेवारी ते मार्चमध्ये सेन्सेक्स ३५ टक्क्यांहून अधिक घसरला, पण रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे बँकांना ती अल्प मुदतीचे कर्ज देते तो दर, ४ टक्क्यांपर्यंत खाली आणल्याने रोख्यांनी पुढच्या काही महिन्यांत बराच आधार दिला. उलट मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा शेअर बाजारात काही भयंकर घडत नसतानाही अनेकांना आपले युनिट मूल्य जागचे हलत नाही असे दिसले आणि गोंधळ झाला.

या घसरणीचा अर्थ मात्र नीट समजून घेतला पाहिजे. शासकीय रोखा मुदतीअखेर पूर्ण दर्शनी मूल्याने परत मिळतो. मध्ये उतरलेली किंमत कायमचा तोटा नसते, आणि त्याच काळात नव्याने जमा होणारे अंशदान अधिक व्याजाच्या रोख्यांत जात असते. नोकरीची पंधरा-वीस वर्षे बाकी असलेल्याला व्याजदर वाढणे खरे तर फायद्याचे ठरते. ज्याची निवृत्ती सहा महिन्यांवर आली आहे, त्याला मात्र तीच घट भरून निघण्याची वाट पाहायला वेळ नसतो.

कायमचा तोटा होतो तो कर्जदार बुडाल्यावर. पायाभूत प्रकल्पांना वित्तपुरवठा करणाऱ्या आयएल अँड एफएस समूहाचे पतमानांकन २०१८ च्या उन्हाळ्यापर्यंत ट्रिपल ए, म्हणजे सर्वोच्च, होते आणि सप्टेंबरमध्ये ते थेट 'डी' म्हणजे थकीत श्रेणीत गेले. निवृत्तिवेतन निधींकडेही त्या समूहाचे रोखे होते आणि त्यांना त्यांचे मूल्य खाली आणावे लागले. त्या प्रकरणातून या व्यवसायातील लोकांनी एक गोष्ट घेतली: पतमानांकन हा निर्णयाचा आरंभ असतो, निर्णय नव्हे; कंपनीचा ताळेबंद स्वतः वाचावा लागतो. एकाच समूहात किती टक्के ठेवायचे यावरील मर्यादांमुळे एकूण निधीच्या तुलनेत तो फटका लहान राहिला, हेही तितकेच खरे.

निधी जमवणे हा अर्धाच भाग झाला. मूळ नियमानुसार शासकीय कर्मचाऱ्याला निवृत्तीच्या वेळी जास्तीत जास्त ६० टक्के रक्कम करमुक्त हाती मिळते आणि किमान ४० टक्क्यांतून विमा कंपनीकडून वार्षिकी घ्यावी लागते. समजा ५० लाख जमले आणि २० लाखांची वार्षिकी घेतली, दर ६.५ टक्के असेल तर महिन्याला १०,८३३ रुपये मिळतील, ७.५ टक्के असेल तर १२,५००. तीस वर्षे काटकसरीने जमवलेल्या निधीचे मासिक उत्पन्न असे निवृत्तीच्या सुमाराच्या दरावर आयुष्यभरासाठी गोठते आणि सर्वसाधारण वार्षिकीत महागाईची वाढ नसते. कर्मचाऱ्यांचा असंतोष खरा येथे आहे आणि तो रास्त आहे असे मला वाटते. शेवटचे मूळ वेतन ८०,००० असलेल्याला जुन्या योजनेत ४०,००० आणि त्यावर महागाई भत्ता मिळतो. ४०,००० ची स्थिर वार्षिकी ६.५ टक्क्यांनी विकत घ्यायची तर जवळपास ७४ लाख रुपये पूर्णतः वार्षिकीत घालावे लागतील आणि तरीही भत्त्याची वाढ नाहीच. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील कर्मचारी संपावर गेले, तेव्हा घोषणा शेअर बाजाराच्या विरोधात असल्या तरी मागणीचा गाभा खात्रीचा होता.

२४ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्राने मंजूर केलेली आणि १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेली एकीकृत निवृत्तिवेतन योजना ही या मागणीला दिलेले मधले उत्तर आहे. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने लगेच दुसऱ्या दिवशी राज्यासाठी तिला मान्यता दिली. केंद्राच्या योजनेत पंचवीस वर्षे सेवा झालेल्याला अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के निवृत्तिवेतन आणि त्यावर महागाईची वाढ मिळते. शासनाचा भार १८.५ टक्के आहे. त्यातील १० टक्के कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक खात्यात जातात आणि ८.५ टक्के सामाईक निधीत. गुंतवणुकीची जोखीम नाहीशी झालेली नाही, ती कर्मचाऱ्याकडून सामाईक निधीकडे, म्हणजे पर्यायाने शासनाकडे सरकली आहे.

अशा सामाईक निधीत सगळ्यात नाजूक आकडा असतो तो गृहीत धरलेल्या परताव्याचा. कॅलिफोर्नियातील शासकीय कर्मचाऱ्यांचा निधी, कॅलपर्स, याच्याशी वर्षानुवर्षे झगडतो आहे. २००७ मध्ये त्याच्याकडे देण्यापेक्षा जास्त मालमत्ता होती, २००८ च्या मंदीनंतर ते प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास आले, आणि २०२१ मध्ये गृहीत परतावा ७ वरून ६.८ टक्क्यांवर आणला गेला. दर जास्त धरला की आजचे अंशदान कमी असूनही पुरेसे दिसते आणि तूट पुढच्यांच्या माथी जाते. आपल्याकडील ८.५ टक्के पुरेसे आहेत की नाहीत, हे ठरवताना विमागणितज्ञांना असाच परतावा गृहीत धरावा लागणार आहे, आणि त्या मूल्यमापनाचे आकडे प्रसिद्ध व्हावेत असा आग्रह कर्मचारी संघटनांनी धरला पाहिजे.

प्रश्नकर्त्यांसाठी यातील महत्त्वाचा तपशील असा, की केंद्राच्या योजनेत पूर्ण खात्रीचे निवृत्तिवेतन मिळण्यासाठी वैयक्तिक निधी एका मानक निधीइतका असावा लागतो. हा मानक निधी प्रत्येक महिन्याचे अंशदान वेळेवर जमा झाले आणि मूळ नमुन्याप्रमाणे गुंतवले गेले असे मानून काढला जातो. वैयक्तिक निधी त्यापेक्षा कमी पडला आणि फरक भरला नाही, तर निवृत्तिवेतनही प्रमाणात कमी होते. राज्याचा पर्याय निवडताना ही अट शासन निर्णयात कोणत्या शब्दांत आहे, आणि राज्य कार्यालयाकडून झालेल्या विलंबाचा भार कोणावर टाकला आहे, ते आधी वाचावे.

म्हणून माझा सल्ला युनिटचे मूल्य रोज पाहण्याचा नाही. अभिलेख अभिकरणाच्या संकेतस्थळावरून रुजू झाल्यापासूनचे व्यवहार विवरण काढावे, प्रत्येक महिन्यापुढे स्वतःचा हिस्सा आणि शासनाचा हिस्सा दोन्ही आहेत का आणि जमा होण्याची तारीख वेतनाच्या किती मागे आहे हे वेतन चिठ्ठ्यांशी ताडून पाहावे, आणि २०१५ पूर्वीची डीसीपीएसची शिल्लक व्याजासह कधी वर्ग झाली हे स्वतंत्रपणे तपासावे. जे महिने रिकामे दिसतील त्यांची यादी देयक क्रमांकांसह गटशिक्षणाधिकारी कार्यालयात लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. निवृत्तीला पाच वर्षे उरल्यावर हा शोध सुरू केला, तर जुनी देयके सापडत नाहीत. पंधरा वर्षे हातात असताना ती सापडतात आणि जमा झालेल्या रकमेला वाढायला वेळही मिळतो.